फ्रेममधली शेवटची जागा

९ नोव्हें., रवि.
मनोरीला जाऊन आले. मार्व्याहून बोट. फिलोमिना दारातच बसली होती, उजव्या मनगटाला पट्टा. मागे अंगणात पडली तेव्हा हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण मनगट वळत नाही. चहा झाला, केक झाला, गावच्या गप्पा झाल्या. मग उठून आत गेली आणि रुमालात गुंडाळलेला स्ट्रायकर आणून माझ्या हातावर ठेवला. निळसर, मध्ये पांढरी चांदणी. या स्ट्रायकरने तिने कोणाकोणाची वाट लावली ते मी बोर्डाच्या बाजूला अंपायर म्हणून बसून पाहिलंय.

"कोण खेळणार नाय ना ह्याने?" एवढंच विचारलं. नाही म्हटलं. "मग घे."

हा नियम कोणी केलेला नाही. पहिला स्ट्रायकर भांडुपच्या सावंतसरांनी दिला, नजर गेली तेव्हा. घरात ठेववेना आणि टाकवेना, म्हणून माझ्याकडे. मग दुसऱ्याने दिला, तिसऱ्याने दिला. आता मुलुंड-घाटकोपरच्या कॅरमवाल्यांत असं होऊन बसलंय की ज्याने शैलाला स्ट्रायकर दिला, तो खेळायचा थांबला. देऊन परत बोर्डावर बसलेलं कोणी नाही. मी मात्र मागत नाही. आजवर एकही मागितलेला नाही.

परतताना बोटीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. आनंद झाला होता, खोटं कशाला लिहू. बाईचा खेळ संपला आणि मी खुशीत.

१२ नोव्हें.
ऋतुजा जेवायला. भावाची मुलगी, अंधेरीला जाहिरातीच्या ऑफिसात. फिलोमिनाचा स्ट्रायकर दाखवायला डबा काढला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत कापूस. ती एकेक उचलून बघत होती. मग म्हणाली, "आत्या, पण ह्यात मजा काय आहे? तू तर खेळत पण नाहीस."

भाकरी गार होतेय म्हटलं.

तिच्या साहेबाने कुठल्याशा फुटबॉलवाल्याचा शर्ट काचेत लावलाय म्हणे. न धुतलेला आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून सांगतो. आपल्या घरात कोणी न धुतलेला शर्ट भिंतीवर लावला असता तर आईने घरात घेतलं नसतं.

पण पोरीचा प्रश्न बरोबर आहे. मी खेळत नाही. लहानपणी खेळले, बरी नव्हते. बँकेत होते तेव्हाही रविवारी मंडळात जायचे ते अंपायर म्हणूनच. दुसऱ्यांचे स्ट्रायकर कशाला सांभाळायचे?

जाताना ती म्हणाली, फ्रेम कर, डब्यात काय ठेवतेस. त्यांच्या ऑफिसच्या ट्रॉफ्या जिथे होतात तिथला नंबर देऊन गेली.

१५ नोव्हें., शनि.
साकीनाका. गल्लीत गल्ली, तिच्यात गाळा. आत जळक्या अ‍ॅक्रिलिकचा वास. गाळा कांबळ्यांचा. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांना वाटलं होतं बाईंना नातवाच्या बारशाची काहीतरी वस्तू करून हवी असेल. डबा उघडल्यावर चष्मा खाली आला.

एकेक स्ट्रायकर मोजून घेतला. जुने असल्यामुळे सगळे एका मापाचे नाहीत. कोणाचे झिजलेत, कोणाचे घासून घेतलेले. प्रत्येकाला त्याच्या मापाचं भोक, म्हणजे घट्ट बसतील, गोंद लावायला नको. खाली नाव कोरायचं. चार ओळी, प्रत्येकीत पाच. मांडून बघितलं तर शेवटची एक जागा उरली.

कांबळ्यांनी विचारलं, हे असंच सोडू की रचना बदलू? मी म्हटलं, राहू द्या, तिथे बाळा परब लिहा. माप? स्टँडर्ड घ्या म्हटलं. बोलून गेले.

त्यांच्याकडेही संग्रह आहे. कपाटातून काढून दाखवलं. मुंबईकडून खेळलेल्या एका विकेटकीपरचे ग्लोव्ह्ज, तळव्याचं रबर गेलेलं. मी ऋतुजाचा प्रश्न त्यांना विचारला. ते म्हणाले, "मॅडम, ती मॅच मी बघितली नाही. त्या दिवशी मी कामावर होतो. पण हे ग्लोव्ह्ज तिथं होते ना."

मला पटलं. ग्लोव्ह्ज हातात घेऊ का विचारलं, तर हो म्हणाले, पण घालू नका.

१६ नोव्हें., रवि.
मंडळ. गर्दी बेताची. बाळा आला होता.

बाळा परब म्हणजे आमच्या घाटकोपरच्या मंडळाचा जुना खांब. वडील गिरणीत, हा विक्रोळीच्या कारखान्यात फिटर. रिटायर होऊनही बोलणं अजून कारखान्यातलंच: कॅरमबोर्डाचा पाय डुगडुगला तर 'पॅकिंग दे' म्हणतो. मला अंपायरच्या खुर्चीवर पहिल्यांदा त्यानेच बसवलं. "तू कोणाच्याच बाजूने बोलत नाहीस, तूच बस." ही तारीफ होती की टोमणा, ते अजून ठरलेलं नाही.

त्याचा स्ट्रायकर पिवळट, हस्तिदंती रंगाचा. एका कडेला टवका उडाला म्हणून त्याने स्वतःच कारखान्यात लेथवर घासून घेतला. नंतर आणखी एकदा. एकाच स्ट्रायकरने सगळा जन्म खेळलेला दुसरा माणूस मला माहीत नाही. लोक दरवर्षी बदलतात. मला तो स्ट्रायकर हवा आहे, फार वर्षांपासून. त्याला कधी बोलले नाही.

हात थरथरतो आता त्याचा. उजवा. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरतो आणि थंडी आहे म्हणतो. घाटकोपरला नोव्हेंबरात. सगळे बोर्डाकडे बघतात. नेम घेताना मात्र थरथर थांबते, कधीकधी नाही थांबत.

२९ नोव्हें.
फ्रेम आली. टेम्पोवाल्याने वर आणून दिली, भिंतीवर ऋतुजाने लावली. दिवाणाच्या समोर.

एकेक बसवत गेले. अंगठ्याने दाबलं की टक् करून बसतो. सावंतसर. फिलोमिना. मुलुंडच्या सोमणबाई, ज्या खेळताना पुटपुटायच्या आणि ज्यांना मी दोनदा ताकीद दिली होती. कन्नमवार नगरचा जाधव, डावखुरा. सगळे भिंतीवर.

चहा घेऊन समोर बसले ती बसलेच. इतका आनंद मला बँकेच्या प्रमोशनला झाला नव्हता. कॅरममध्ये उरत काही नाही. मैदान नाही, पेपरात बातमी नाही. बोर्ड संपला की सोंगट्या परत मध्ये लावतात, पावडर फडक्याने पुसतात, कसला अफलातून शॉट मारला होता ते दुसऱ्या मिनिटाला फक्त दोघातिघांना माहीत. त्यातली एक मी. आणि एक तो स्ट्रायकर.

उद्या बाळा आणि सुलभावहिनींना जेवायला बोलावलंय, फ्रेम बघायला.

३० नोव्हें., रवि.
वाईट झालं.

दोघं आली. वहिनींनी सोलकढी करून आणली होती. बाळा आल्या आल्या फ्रेमसमोर. नावं मोठ्याने वाचत होता आणि प्रत्येकाचा एकेक किस्सा. सोमणबाईंची नक्कल करून दाखवली. वहिनी हसून हसून दिवाणावर बसल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात पळी. बरं वाटत होतं.

शेवटच्या ओळीत शेवटी आला. वाचलं. मोठ्याने नाही.

मला तेव्हा कळलं. त्याआधी, खरंच, एकदाही डोक्यात आलं नव्हतं. जागा उरली, त्याचं नाव सुचलं, कारण तिथे दुसऱ्या कोणाचं सुचणारच नव्हतं. काल दिवसभर ते नाव माझ्या समोर होतं, तेव्हाही मला फक्त 'केव्हातरी भरेल' एवढंच वाटलं. सगळं कॅरममंडळ जाणतं, शैलाकडे स्ट्रायकर गेला म्हणजे काय. आणि मी जिवंत खेळणाऱ्या माणसाचं नाव कोरून, भोक पाडून, भिंतीवर लावून, त्याला जेवायला बोलावलं.

तो वळला. आवाज चढवला नाही. "शैला, मी अजून खेळतंय गो."

म्हटलं, माहीत आहे. दुसरं काय बोलणार?

जेवला. नीट जेवला. भात थोडा सांडला, वहिनींनी न बघता पुसला. फ्रेमचा विषय परत नाही. जिना उतरताना वहिनी मागे राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, माणूस जायच्या आधी फोटोला हार आणून ठेवतात का गं? उत्तराची वाट पाहिली नाही.

१ डिसें.
नाव खरवडायचा प्रयत्न केला. कोरलेलं आहे, जात नाही. वर पांढरी चिकटपट्टी लावली. आता येणारा प्रत्येक जण आधी तेच बघेल.

७ डिसें., रवि.
मंडळ. बाळा नाही. सर्दी असेल म्हणाले कोणीतरी. सर्दी असताना तो मफलर बांधून यायचा.

१४ डिसें., रवि.
बाळा नाही. पण नाव आलं. जानेवारीत भांडुपला ज्येष्ठांची स्पर्धा आहे, त्यात त्याची एन्ट्री. स्पर्धा खेळून त्याला दोनतीन वर्षं झाली असतील, नुसता मंडळात खेळतो. पंच म्हणून माझं नाव आधीपासून आहेच.

संध्याकाळी वहिनींचा फोन. रागात होत्या. सकाळपासून बोर्ड मांडून बसतात, पाठ दुखते, हात जास्तच हलतो, डॉक्टर म्हणाले ताण नको. जेवायला उठत नाहीत. रात्रीची गोळी विसरतात. "तुझ्या त्या फ्रेमने हे केलंय. ते आपले रविवारी येऊन दोन बोर्ड खेळत होते, सुखात होते. आता सगळ्यांसमोर हात हलणार, आणि मग ते घरातसुद्धा खेळायचे नाहीत. मी ओळखते त्यांना."

मी ऐकून घेतलं. खरं होतं ते. मी त्याला सांगू का विचारलं. तू आता काही सांगू नकोस म्हणाल्या.

१७ डिसें.
कांबळ्यांचा फोन, फ्रेम कशी झाली. झकास झाली म्हटलं, आणि मग झालेलं सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. गिऱ्हाइकाचं ऐकायची त्यांना सवय असावी. म्हणाले, त्या जागेत दुसरं काही बसवून टाका, क्वीन बसवा, नाहीतर तुमचाच स्ट्रायकर.

अंपायरचा स्ट्रायकर नसतो. शिटीपण नसते. खुर्ची असते, ती मंडळाची.

२५ डिसें., गुरु.
फिलोमिनाला मेरी ख्रिसमस. तिने आधी स्ट्रायकरची चौकशी केली, सासरी गेलेल्या मुलीची करतात तशी. कोणाच्या शेजारी ठेवलंय? खरं ते सांगितलं: बाळा परबच्या रिकाम्या जागेशेजारी. हसली. मग सगळी हकिगत सांगितल्यावर हसायची थांबली.

म्हणाली, "मी तुला दिला कारण तू मागितला नाहीस. तू मागितला असता तर मी देणार नव्हते. त्याच्याकडे तू मागितलास, शैला."

मी कुठे मागितला, असं ओठांवर आलं होतं. पण मागितलाच. तोंडाने नाही, भिंतीवर कोरून.

तिला विचारलं, देऊन टाकल्यावर कसं वाटलं. पहिला आठवडा वाईट, मग हलकं, म्हणाली. आता ती शेजारच्या पोरांना खेळताना बघते आणि चुका मोजते. पण हे आपलं आपण ठरवायचं असतं, म्हणाली.

३ जाने.
ऋतुजा. चिकटपट्टीकडे बोट दाखवून हे काय विचारलं. सांगितलं. "यार आत्या." पुढे काही नाही. मग म्हणाली, सॉरी म्हण ना त्यांना सरळ. हिच्या पिढीत सोपं आहे, मेसेज टाकतात, वर एक पिवळं तोंड. मी बाळाला सॉरी म्हटलं तर तो म्हणेल कशाबद्दल. आणि मला सांगावं लागेल की तुझा हात हलतो, म्हणून.

ते त्याच्या तोंडावर अजून कोणी म्हटलेलं नाही.

११ जाने., रवि.
भांडुप. शाळेचा हॉल, बारा बोर्ड. सकाळी स्ट्रायकर तपासणी: वजन, माप. बाळाचा माझ्याच टेबलावर आला. मापात सैल गेला, नेहमीसारखा. जास्तीत जास्त माप असतं, कमीत कमी नसतं, त्यामुळे चालतो. तेव्हा एकदम आठवलं की कांबळ्यांना मी स्टँडर्ड माप सांगितलं. जिने हा स्ट्रायकर प्रत्येक स्पर्धेला मापात घालून बघितला, तिने. लक्ष कुठे होतं माझं?

"चालतो?" त्याने विचारलं. चालतो म्हटलं. वहिनी मागे भिंतीला टेकून, पर्स पोटाशी.

पहिली फेरी बाळा जिंकला. दुसऱ्या फेरीला त्याचा बोर्ड माझ्याकडे. बदलून घ्यावा असं मनात आलं. पण कारण काय सांगणार? समोर ठाण्याचा एक गृहस्थ, शांत, चांगला खेळाडू.

हात हलत होता. सगळ्यांना दिसत होता. हॉलमध्ये पंखे बंद असतात, पावडर उडू नये म्हणून, आणि त्या शांततेत त्याचं बोट बोर्डावर टकटक वाजायचं, नेम घ्यायच्या आधी. लोक बघत होते. वहिनी बघत नव्हत्या.

सहावा बोर्ड. क्वीन डाव्या कडेला चिकटलेली, पुढे काळी. बाळाची एकच पांढरी, लांबच्या कोपऱ्याच्या तोंडाशी. कोणीही आधी काळी बाजूला सारून क्वीन मोकळी केली असती. त्याने अंगठा लावला. थरथर चालूच होती, चालूच होती, आणि मग बोट सुटलं तेव्हा हात दगडासारखा स्थिर. स्ट्रायकर समोरच्या कडेला आपटून परत आला, क्वीनला मागून लागला, क्वीन गेली, आणि तोच स्ट्रायकर तिरका घसरत जाऊन पांढरीला. क्वीन आणि कव्हर एका फटक्यात. ठाण्याच्या गृहस्थांनी बोर्डावर टिचकी मारून दाद दिली. हॉलमध्ये कोणीतरी "बाळाऽ" म्हणालं, त्याला ताकीद दिली मी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अंपायरच्या खुर्चीवर पहिल्यांदाच.

शेवटचा बोर्ड, गुण बरोबरीत. बाळाने हात लावला आणि करंगळी एका काळीला लागली. काळी हलली. किती? तांदळाएवढी. समोरच्याने पाहिलं नाही, तो पावडर झटकत होता. बाळाने पाहिलं की नाही माहीत नाही. मी पाहिलं.

फाउल दिला.

त्याची एक सोंगटी परत मध्ये आली. बोर्ड तिथेच गेला, मॅचही. उठला, हात मिळवला, मग माझ्याकडे वळला. "बरोबर दिलास." बाहेर गेला. वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही.

१२ जाने.
दिवसभर घरातच. फाउल बरोबर होता. परत बसवलं तर परत देईन.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते, कोणी वाचणार नाही म्हणून. तो क्वीन-कव्हरचा शॉट बसला त्या क्षणी पहिला विचार आला: हा स्ट्रायकर मला पाहिजे. रडूही आलं आणि हावही सुटली, दोन्ही एकाच वेळी. ऋतुजाला आता सांगता येईल मजा काय आहे ते. शॉट धरून ठेवता येत नाही. धरता येण्याजोगं तेवढंच असतं, तेच मुठीत घ्यावंसं वाटतं. पण ती मूठ दुसऱ्याची असते, हे तिला कसं सांगू?

१४ जाने.
संक्रांत. वहिनींकडून तिळगूळ दरवर्षी येतो, गुळाच्या वड्या, वर खोबरं. आला नाही.

१८ जाने., रवि.
मंडळ. बाळा आला. सगळ्यांनी भांडुपच्या शॉटबद्दल विचारलं, त्याने हात झटकला. खेळला नाही. खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसला आणि दुसऱ्यांचे बोर्ड बघत राहिला. कोणीतरी खेळतोस का विचारलं तर आज नको. फिलोमिना बसते तसा बसला होता, पण तिचा चेहरा मोकळा होता.

माझ्याशी बोलला. ट्रॅफिक, पाणीकपात. स्ट्रायकर शर्टाच्या खिशात होता, आकार दिसत होता.

२५ जाने., रवि.
रथसप्तमी, तिळगुळाचा शेवटचा दिवस. दुपारी बाळाच वड्यांचा डबा घेऊन मंडळात आला. वहिनींनी दिलाय म्हणाला. डब्यात चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, पण वड्यांवर खोबरं होतं.

आजही खेळला नाही. निघताना म्हणाला, पुढच्या रविवारी घरी येतो, फ्रेमचं काम करून टाकू. सोंगट्या पेटीत भरता भरता बोलला, माझ्याकडे न बघता.

नको म्हणायला हवं होतं. मी "ये" म्हटलं.

१ फेब्रु., रवि.
आले दोघं. चहा नंतर, म्हणाला. सरळ फ्रेमकडे. नखाने चिकटपट्टी काढली, गोळी करून खिशात टाकली. नाव वाचलं. 'बाळा कशाला, बाळकृष्ण लिहायचं होतं,' म्हणाला, पण हसला.

वहिनी दारातच थांबल्या, चपला पायात. मी म्हटलं, बाळा, राहू दे. घाई नाही. तो म्हणाला, "घाई नाही, शैला. पण आता सगळे माझ्या हाताकडे बघतात, बोर्डाकडे नाही. त्यापेक्षा हा इथे बरा."

खिशातून स्ट्रायकर काढला. फडक्याने पुसला, दोन्ही बाजूंनी. हात हलत होता, त्यामुळे जागा सापडायला वेळ लागला. मी मदत केली नाही. बसवला, अंगठ्याने दाबला. हात काढला.

स्ट्रायकर बाहेर पडला. फरशीवर आपटला, फिरत फिरत गेला तो दिवाणाखाली.

तिघंही वाकलो. वहिनींनी झाडूने काढला. त्याने परत बसवला, परत पडला. या वेळी त्याने तळहातावर झेलला. तिसऱ्यांदा बोटाने धरून ठेवला, मान तिरकी करून भोकाची कड बघितली. चारी बाजूंनी फट.

"सैल आहे गो," म्हणाला. "राहात नाही हा."

मी म्हटलं, माप चुकलं, माझीच चूक. कांबळ्यांकडे नवीन पट्टी कापून घ्यावी लागेल. साकीनाक्याला जावं लागेल, त्यांच्याकडे कामं पुष्कळ आहेत.

"किती दिवस लागतील?"

म्हटलं, सांगता येत नाही.

त्याने स्ट्रायकरकडे बघितलं. मग खिशात ठेवला. "मग तोपर्यंत माझ्याकडेच राहू दे. तुझ्याकडे कुठेतरी पडून हरवेल." वहिनींनी चपला काढल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. साखर किती विचारलं मला, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

ते गेल्यावर फ्रेमसमोर बसले. कागदाची एक घडी पुरली असती. जुन्या कॅलेंडरचा कपटा, मागून लावला की काम झालं. मला बोर्डावर काळी तांदळाएवढी हललेली दिसते, ती फट दिसणार नाही का? मी बोलले नाही.

आणि तो फिटर. आयुष्यभर सैल गोष्टींना पॅकिंग लावत आला.

८ फेब्रु., रवि.
मंडळ. बाळा खेळला. चार बोर्ड. एक जिंकला, तीन हरला, आणि हरलेल्यातल्या दोनांत मला फाउल द्यावे लागले. दिले.

नंतर चहा घेताना विचारलं त्याने, कांबळे काय म्हणतात? ग्लास दोन्ही हातांनी धरलेला. थंडी आहे म्हणाला नाही.

म्हटलं, अजून कामात आहेत.

बरं, म्हणाला, आणि पुढच्या रविवारसाठी बोर्डाची पावडर आणायची कोणाची पाळी आहे ते विचारलं. माझी आहे.

कांबळ्यांना फोन केलेला नाही.